शेजारच्या बाईंचं चर्च बंद झालं, आणि चार मैलांवरचं भरत चाललंय

प्लेनोकर | रविवार, रात्री ९:४०

आमच्या शेजारी एक ८१ वर्षांच्या बाई राहतात. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या या उपनगरात राहायला आलो, त्या आठवड्यात पीच कॉबलरचं भांडं घेऊन दारात आल्या होत्या. दर रविवारी पावणेदहाला त्यांची गाडी निघायची. पन्नासहून जास्त वर्षं त्या एकाच लहान बाप्टिस्ट चर्चच्या सभासद होत्या. मुलींची लग्नं तिथे झाली, नवऱ्याचा अंत्यविधीही तिथेच. मागच्या वर्षी ते चर्च बंद झालं. शेवटी शेवटी तीस-पस्तीस माणसं उरली होती आणि छप्पर बदलायला पैसे नव्हते. आता ती वास्तू एका तेलुगू ख्रिस्ती मंडळीने घेतली आहे.

बाईंना लांबवर गाडी चालवणं जमत नाही. म्हणून काही रविवारी मी त्यांना चार मैलांवरच्या मोठ्या बाप्टिस्ट चर्चला सोडतो. दोनदा आत बसलोही.

पहिली नजरेत भरते ती गाड्यांची व्यवस्था. पिवळी जॅकेटं घातलेले स्वयंसेवक हजारो गाड्या वळवत असतात, आणि नव्या माणसासाठी दाराजवळची जागा राखून ठेवलेली असते. लहान मुलाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवतात, तोच नंबर आईच्या हातात देतात. त्याशिवाय मूल परत कुणाच्या ताब्यात देत नाहीत. आत अंधारलेलं सभागृह, मोठे पडदे, ड्रम आणि गिटार. पाळक जीन्समध्ये. उपदेश चाळीस मिनिटांचा, आणि खरं सांगतो, चांगला होता. नोकरी गेलेल्या माणसाने स्वतःची लाज कशी सांभाळावी यावर बोलले. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस रडत होता.

बाईंच्या पर्समध्ये मात्र जुन्या चर्चचं गीतांचं पुस्तक होतं. बंद होताना प्रत्येकाने एकेक घरी नेलं. पडद्यावर शब्द येत होते, तरी त्या पुस्तकावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यातलं एकही गीत त्या दिवशी गायलं गेलं नाही.

घरी येऊन वाचत बसलो. आठवड्याला सरासरी २,००० किंवा जास्त माणसं उपासनेला येणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चला मेगाचर्च म्हणतात. १९७० च्या आसपास अशी चर्चेस देशभरात काही डझनच होती. २०२० च्या पाहणीत ती १,७५० च्या घरात गेली. यावरून कुणालाही वाटेल की धर्म फोफावतोय. पण दुसरे आकडे पाहा. देशातली सगळी चर्चेस उपस्थितीच्या क्रमाने लावली, तर बरोबर मधल्या चर्चमध्ये २००० साली १३७ माणसं येत, २०२० मध्ये ६५. गॅलपच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के अमेरिकन कुठल्यातरी चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद होते. २०२० मध्ये ४७ टक्के. सदर्न बाप्टिस्ट हा इथला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. २००६ मध्ये त्याचे सभासद १ कोटी ६३ लाख होते, २०२४ मध्ये १ कोटी २७ लाख.

म्हणजे एकूण पाणी आटतंय आणि उरलेलं काही मोठ्या तळ्यांत गोळा होतंय. माझं मत असं झालंय की मेगाचर्चच्या वाढीत लहान चर्चेसचं मरण धरल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. इथे बरेच जण अमेरिकेत राहतात. तुम्ही काय पाहिलंय?

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ७:०५

सांगलीहून वाचतोय. एक प्राथमिक प्रश्न, माफ करा. बाप्टिस्ट आणि इव्हँजेलिकल यात फरक काय? आणि इतक्या मोठ्या चर्चवर बिशप नसतो का?

नगरची_मंडळी | सोमवार, सकाळी ९:३०

कृष्णाकाठ, प्रश्न प्राथमिक नाही, मुळाचा आहे. मी नगरचा, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलो, सहा वर्षं टेक्ससमध्ये आहे.

बाप्टिस्ट हा पंथ आहे. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. माणसाने कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करायचा आणि पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. प्लेनोकर, व्यासपीठामागे काचेचं पाण्याचं कुंड पाहिलं असेल, ते त्याचंच. इव्हँजेलिकल ही त्याहून रुंद ओळख, अनेक पंथांतून आडवी जाणारी. 'माझं आयुष्य अमुक क्षणी पालटलं' हा अनुभव, बायबलचा अंतिम अधिकार, क्रूसावरचं बलिदान आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, दुसऱ्याला सांगण्याची जबाबदारी, हे चार धागे धरणारा तो इव्हँजेलिकल. बरेच बाप्टिस्ट इव्हँजेलिकल असतात, सगळे नसतात.

आणि बिशप नसतो, हेच तर वाढीचं मोठं कारण. बाप्टिस्टांची प्रत्येक मंडळी, म्हणजे एकेक चर्च, स्वतंत्र. पाळक ती निवडते, जमीन ती घेते, कर्ज ती काढते. वरून 'अमुक हद्दीबाहेर जाऊ नका' म्हणणारं कुणी नाही. एखाद्याच्या बोलण्यात ताकद असेल तर तो शाळेच्या सभागृहात चाळीस माणसं घेऊन सुरू करू शकतो आणि वीस वर्षांत वीस हजारांवर जाऊ शकतो. आमच्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात हे शक्यच नाही; पाळकसाहेबांची बदली होते, इमारत ट्रस्टची असते.

मराठी वाचकांना एक जवळची खूण. मराठीच्या सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एक १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांनी काढलं, तेही बाप्टिस्टच. बंगालातल्या सेरामपूरला छापलं. नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं.

मैलाचा_दगड | सोमवार, रात्री १०:१५

मी अमेरिकी इतिहासाचा हौशी वाचक. प्लेनोकरांचं 'तळ्यां'बद्दलचं म्हणणं पटतं, पण तळी कुठे खोदली गेली तेही बघायला हवं.

मोठं चर्च ही नवी गोष्ट नाही. लंडनमध्ये स्पर्जन या बाप्टिस्ट उपदेशकासाठी १८६१ मध्ये हजारोंचं सभागृह बांधलं होतं. डॅलसचं फर्स्ट बाप्टिस्ट १८६८ चं. ट्रुएट आणि क्रिसवेल या दोनच पाळकांनी मिळून जवळजवळ शंभर वर्षं तिथे काढली, आणि प्रसिद्ध उपदेशक बिली ग्रॅहम दशकानुदशकं तिथले सभासद होते. पण ही शहराच्या मध्यावरची चर्चेस, लोक पायी किंवा ट्रामने येत. १९५६ च्या कायद्याने महामार्गांचं जाळं आलं, गोरे मध्यमवर्गीय सबर्बमध्ये गेले, आणि चर्चला शिखरापेक्षा पार्किंग महत्त्वाचं झालं. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात चक्क ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये उपासना सुरू केली. माणसं गाडीत बसून ऐकायची.

शुलर घरोघर फिरून विचारायचे. तीच रीत बिल हायबल्स यांनी १९७५ मध्ये शिकागोजवळ उचलली आणि रिक वॉरन यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक खोऱ्यात. वॉरन टेक्ससमध्ये बाप्टिस्ट सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात) शिकत होते. जनगणनेचे आकडे चाळून त्यांनी झपाट्याने वाढणारं हे खोरं निवडलं, मग दारं ठोठावली: तुम्ही चर्चला का जात नाही? उत्तरं साधी होती. उपदेश कंटाळवाणा असतो, माणसं परक्याशी बोलत नाहीत, सारखे पैसे मागतात, मुलांची सोय नसते. आता प्लेनोकरांचं वर्णन परत वाचा. राखीव पार्किंग, नंबराची चिठ्ठी, नोकरी गेलेल्या माणसावरचा उपदेश. त्या चार तक्रारींची उत्तरं सापडतील.

पण या सगळ्याच्या मागे जो विचार आहे त्याचा उगम आपल्या दारात आहे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे मिशनरी १८९७ मध्ये दमोहला जन्मले. तेव्हाचा मध्य प्रांत, ज्याचा कारभार नागपूरहून चाले. पुढे छत्तीसगडात तखतपूरला त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं की मिशनच्या आवारात एकेकटा माणूस आला की तो जातीतून, नात्यांतून तुटतो आणि तिथेच गोष्ट थांबते. पण एखादी जात आपली नाती न तोडता एकत्र आली की मंडळी वाढते. यावर त्यांनी १९५५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १९६५ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत हेच शिकवलं. त्यांचं सूत्र असं की माणसाला वंश, भाषा आणि वर्ग यांच्या भिंती ओलांडायला न लावता ख्रिस्ती होता आलं पाहिजे. अमेरिकी पाळकांनी त्याचा अर्थ काढला की एका प्रकारच्या माणसांसाठी एक चर्च. वॉरन यांनी तर आपल्या भागातल्या नमुनेदार माणसाचं चित्रच काढलं, 'सॅडलबॅक सॅम', शिकलेला, कमावता, सबर्बमधला. वॉरन यांनी मॅकगॅव्हरन यांचं ऋण उघडपणे मान्य केलं आहे.

मला यात अस्वस्थ करणारं काहीतरी दिसतं. छत्तीसगडातल्या जातींच्या निरीक्षणातून निघालेलं सूत्र अशा देशात गेलं, जिथे रविवारी सकाळचे अकरा ही सर्वांत विभागलेली घटका असल्याचं मार्टिन ल्यूथर किंग स्वतः म्हणाले होते. तिथे ते भिंती टिकवण्याच्या कामी आलं.

प्लेनोकर | सोमवार, रात्री ११:०२

मैलाचा दगड, दमोहची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. रात्री झोप लागेल असं वाटत नाही. बाईंच्या जुन्या चर्चमध्येही सगळे गोरेच होते, हेही इथे सांगून टाकतो. त्याबद्दल त्यांना मी कधी विचारलेलं नाही.

अंगणातली_तुळस | मंगळवार, दुपारी १:२०

आतल्या बाजूने थोडं सांगते, म्हणजे आम्हा एच-फोरवाल्यांच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर आलेल्या बायकांच्या, आतल्या बाजूने.

२०१४ साली लग्न होऊन आले. नवरा सकाळी सातला जायचा. गाडी एक, मला चालवता येत नव्हती, बस नाही, फूटपाथ मधेच संपतो. पुण्यात जिन्यातून उतरले तर चार माणसं भेटायची. इथे आठवडा आठवडा नवऱ्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. जवळच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी इंग्रजीचा फुकट वर्ग होता. माझं इंग्रजी बरं होतं, पण मी गेले, कारण त्यांची एक आजी गाडी घेऊन न्यायला यायची. वर्गात कोरियन, व्हेनेझुएलाच्या, इराणी बायका. शेवटची दहा मिनिटं बायबलमधला उतारा असायचा. जबरदस्ती कधीच झाली नाही. मला दिवस गेले तेव्हा त्याच बायकांनी डबे आणून दिले.

मुलगी पाच वर्षांची झाल्यावर उन्हाळ्यात त्यांच्या आठवड्याभराच्या शिबिराला पाठवलं, व्हीबीएस म्हणतात. शुक्रवारी घरी येऊन तिने विचारलं, "आई, आजी येशूला मानत नाही, मग ती मेल्यावर कुठे जाणार?" माझ्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या, बाजूच्या खोलीत. मला त्या दिवशी काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. पुढच्या वर्षी पाठवलं नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या बायकांचं प्रेम खरं होतं, आणि सुवार्ता सांगणं हे त्यांच्या दृष्टीने त्या प्रेमाचाच भाग होतं. नुसतं 'जाळं टाकतात' म्हणून मोकळं होता येत नाही मला. या सबर्बमध्ये पार नाही, कट्टा नाही, वाडा नाही. जिथे माणसं बसू शकतील अशी जागा त्यांनी बांधली आणि दार उघडं ठेवलं.

बायूकाठी | मंगळवार, सायंकाळी ६:४५

ह्यूस्टनहून. इथे आल्यावर पाहुणे हमखास लेकवुड हे मेगाचर्च बघायला मागतात, म्हणून त्याबद्दल थोडं.

लेकवुड बाप्टिस्ट नाही, पण मूळ तिथलंच. जॉन ऑस्टीन सदर्न बाप्टिस्ट पाळक होते; आत्मिक वरदानांचा (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं, आजार बरे होणं वगैरे) अनुभव आल्यावर ते वेगळे झाले आणि १९५९ मध्ये पशुखाद्याच्या एका पडीक दुकानात त्यांनी लेकवुड सुरू केलं. १९९९ मध्ये ते वारले. मुलगा जोएल तोवर पडद्यामागे चर्चच्या टीव्ही कार्यक्रमाचं काम बघायचा. तो उभा राहिला आणि गर्दी कित्येक पटींनी वाढली. २००५ मध्ये चर्च ह्यूस्टन रॉकेट्सच्या जुन्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये गेलं, जवळजवळ १६,८०० खुर्च्या. आधी भाड्याने होतं, २०१० मध्ये शहराकडून ७५ लाख डॉलरला विकत घेतलं.

मी दोनदा गेलोय. वेदी नाही, क्रूस नाही, मागे फिरणारा सोनेरी पृथ्वीगोल. पापाचा उच्चार जवळजवळ नाही. उमेद भरपूर. मला ते अपुरं वाटलं. दुःखात असलेल्या माणसाला 'देव तुला अजून मोठं करणार आहे' एवढंच सांगितलं आणि तसं झालं नाही, तर तो स्वतःच्याच श्रद्धेला दोष देत बसतो. २०१७ च्या हार्वी वादळात दारं उशिरा उघडली म्हणून देशभर टीका झाली. चर्चचं म्हणणं होतं की इमारतीत पाणी शिरण्याची भीती होती. नंतर ती निवाऱ्यासाठी उघडली. पण एक मात्र नोंदवतो: गोरे, काळे, मेक्सिकन, फिलिपिनो इतके शेजारी शेजारी बसलेले मी ह्यूस्टनमध्ये दुसऱ्या कुठल्याच प्रार्थनास्थळी पाहिले नाहीत. मॅकगॅव्हरन यांचं सूत्र तिथे चालत नाही असं दिसतं.

शिकागोतली | बुधवार, सकाळी ८:१०

हायबल्स यांचं नाव आलं म्हणून त्यांच्या विलो क्रीकबद्दल. भाड्याच्या सिनेमागृहात सुरू झालेलं ते चर्च, आणि जगभरचे पाळक तिथे शिकायला यायचे. २००७ मध्ये त्यांनी स्वतःच पाहणी करून जाहीर केलं की कार्यक्रमांना जास्त येणारा माणूस देवाच्या जास्त जवळ जातोच असं नाही. एवढा प्रामाणिकपणा मला मोठा वाटला होता.

मग २०१८ आलं. हायबल्स यांच्यावर अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांनी नाकारले, पण मुदतीआधी निवृत्त झाले, आणि ऑगस्टपर्यंत चर्चचा कारभार बघणाऱ्या सगळ्या वडीलमंडळाने राजीनामा दिला. २०१९ मध्ये स्वतंत्र गटाने ते आरोप विश्वासार्ह ठरवले. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण वीस वर्षं तिथे जात होती. ती आता कुठेच जात नाही. रविवारी सकाळी कपडे धुते म्हणाली.

मैलाचा_दगड | बुधवार, रात्री ९:५०

नगरची मंडळी यांनी स्वातंत्र्य हे वाढीचं कारण सांगितलं. त्याच स्वातंत्र्याची दुसरी बाजू भयंकर आहे. २०१९ मध्ये टेक्ससच्या दोन वर्तमानपत्रांनी मिळून सदर्न बाप्टिस्ट चर्चेसमधल्या लैंगिक अत्याचारांची मालिका छापली. वीस वर्षांत ७०० च्या आसपास बळी. एका चर्चमधून काढलेला माणूस दुसरीकडे पाळक व्हायचा, कारण वर कुणी नोंद ठेवणारं नाही. 'प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आम्ही काय करणार' हे उत्तर ठरलेलं. २०२२ च्या स्वतंत्र चौकशीत निघालं की मुख्य कार्यालयात आरोपींची यादी गुपचूप ठेवली जात होती, आणि तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना परतवून लावलं जात होतं.

आणि जून २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात याच पंथाने वॉरन यांच्या सॅडलबॅकला बाहेर काढण्याचा निर्णय कायम केला. कारण काय, तर स्त्रियांना पाळकपद दिलं. तिथे मात्र मंडळीचं स्वातंत्र्य आड आलं नाही. याचा मला राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

या पंथाची स्थापनाच १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावं या भांडणातून झाली. त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये. दीडशे वर्षांनी.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ६:५५

राजकारणाबद्दल कुणीच बोललं नाही? ट्रम्प यांच्या मागे हेच लोक ना?

मैलाचा_दगड | गुरुवार, सकाळी ८:३०

बऱ्याच अंशी, हो. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या आठांनी त्यांना मत दिलं. १९७९ मध्ये बाप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' काढली तिथपासूनचा तो रस्ता आहे. पण माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरही बाप्टिस्टच. स्त्रियांच्या प्रश्नावरून २००० मध्ये त्यांनी सदर्न बाप्टिस्ट पंथ सोडला, आणि नव्वदी उलटल्यावरही प्लेन्स गावातल्या लहानशा चर्चमध्ये संडे स्कूल घेत राहिले. हा वेगळा धागा होईल.

नगरची_मंडळी | गुरुवार, रात्री १०:२०

वरच्या पोस्टमधलं सगळं मान्य. पंथाच्या पापाबद्दल माझ्याकडे बचाव नाही.

लेकवुडच्या आत्मिक वरदानांवरून आठवलं. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्ररात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध धार्मिक जागृतीच्या आदल्या वर्षी. पुढे मुक्तीतली हकिगत चिलीपर्यंत पोचली आणि तिथे पेंटेकोस्टल, म्हणजे अशा वरदानांवर भर देणाऱ्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे हा प्रवाह फक्त अमेरिकेतून आपल्याकडे आला असं मी मानत नाही.

मी स्वतः इथे दोन वर्षं मोठ्या चर्चला गेलो. आता आम्ही अकरा मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसतो. पेटी असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो. माझ्या मुलाला ड्रम आवडतात, त्यामुळे बाकीचे रविवार मोठ्या चर्चमध्येच जातात, आणि मी त्याला अडवत नाही.

अंगणातली_तुळस | शुक्रवार, सकाळी ११:४०

प्लेनोकर, बाईंचं पुढे काय झालं? त्या अजून जातात का?

प्लेनोकर | शनिवार, रात्री ८:१५

जातात. उशीर झाला उत्तर द्यायला, मुद्दाम त्यांच्याशी बोलून मगच लिहितोय.

मोठ्या चर्चमध्ये आत शिरल्यावर सगळ्यांना 'स्मॉल ग्रुप' घ्यायला सांगतात. दहा-बारा माणसं, आठवड्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी. बाईंना फोन आला, त्यांनी दोन महिने टाळलं. परवाच्या मंगळवारी पहिल्यांदा गेल्या. मीच सोडलं. परत आणायला गेलो तर दारात उभ्या होत्या, हातात रिकामं कॅसरोलचं भांडं.

गटात तेरा जणी आहेत, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. त्यातल्या चौघी त्यांच्या जुन्या चर्चमधल्याच निघाल्या. मोठ्या सभागृहात इतके महिने त्या एकमेकींना कधी दिसल्याच नव्हत्या. चौघींनीही आपापली पुस्तकं आणली होती. बाकीच्या नऊ जणींना पानं दाखवता यावीत म्हणून आता मला काही गीतांच्या झेरॉक्स काढायला सांगितलंय. उद्या ऑफिसच्या वाटेवरचं दुकान बंद असतं, सोमवारी काढेन.